साकु म्हणजे पुरे

सासूबाई धारवाडहून पहिल्यांदाच आमच्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आल्या, तेव्हा माझी कानडीची तयारी पक्की होती. लग्नाला त्यांचा विरोध होता. माझ्या हातचं पोटभर जेवल्या की मी सून म्हणून पास, असं मी धरून चालले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. अभ्यास केला की काहीही जमतं, हा माझा माज. अजूनही आहे.

'ळ' आपलाच, त्यामुळे हुलि वाघ आणि हुळि आंबट, हे सोपं गेलं. पण हालु दूध, हाळु वाटोळं आणि हल्लु दात! बळे बांगडी, बाळे केळं. बेळे आखूड म्हटलं तर पीक, लांबवलं तर डाळ. नवरा म्हणायचा, "सांभाळ हं. अव्वाला वरणाऐवजी बांगड्या वाढशील."

पहिल्या दुपारी मी विचारलं, "अत्ते, इन्नू अन्न बेका?" म्हणजे आणखी भात हवा का.

"साकु," त्या म्हणाल्या. पुरे. मी लगेच पातेलं उचललं. शब्द कळला म्हणून कोण आनंद!

तासाभराने पाहते तर त्या खोलीत बसून घरून आणलेला चुरमुऱ्यांचा चिवडा खात होत्या. मी नवऱ्याला स्वयंपाकघरात ओढलं.

"मी भात विचारला की भाऊ? अन्न की अण्ण?"

"अन्नच म्हणालीस."

"मग त्या 'हाकु' म्हणाल्या का? वाढ म्हणून?"

"छे, साकुच."

"साकु म्हणजे पुरे ना?"

"गेनाऊ," तो जर्मनमध्ये म्हणाला. अगदी बरोबर.

"मग?"

"अगं, पुरे म्हटल्यावर कोण थांबतं? तुझ्या माहेरी थांबतात?"

माझ्या माहेरी ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढतात. इथे ऑफिसातल्यांकडे एकदाच विचारतात. नको म्हटलं की भांडं गेलं आत. ती सवय मला कधी लागली, कोण जाणे.

संध्याकाळी त्या "साकु" म्हणाल्या, मी वाढलं. "साकु, साकु!" पुन्हा वाढलं. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात ताटावर धरले आणि भराभर काहीतरी बोलल्या. त्यातलं अक्षर कळलं नाही.

"आता खरंच पुरे का रे?"

"मला काय विचारतेस?" तो मान खाली घालून हसत होता.

मी पळी धरून तशीच उभी. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि एक हात जरासा बाजूला घेतला. मी वाढलं. त्या रागावल्या होत्या की लाजल्या होत्या, मला आजही सांगता येणार नाही. चिवड्याचा डबा मात्र त्या दिवशी पुन्हा उघडला नाही.