सगुणाचं मोंबासातलं गाऱ्हाणं

आरे गावच्या खलाशाची लेक सगुणा विधवा झाली, तेव्हा रत्नागिरीच्या मुलींच्या शाळेतली चार इंग्रजी पुस्तकं तिच्या डोक्यात होती आणि सासरचं धुणं डोक्यावर. १९३१ साली आफ्रिकेतल्या मोंबासाच्या गोदीत कारकून असलेल्या भावाने, सखारामने, कळवलं की इथल्या हिंदुस्थानी मुलांच्या शाळेत इंग्रजीला मदतनीस बाई हवी आहे. सासू म्हणाली, काळं पाणी ओलांडलंस तर धर्म बुडेल. सगुणा म्हणाली, बोटीने जातेय, पोहत नाही.

हेडमास्तर त्रिवेदी बडोद्याचे, मराठी जाणणारे. त्यांनी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. जमलं तर कायम, नाही तर पहिल्या बोटीने परत. परत म्हणजे सासरची चूल, तीही जन्मभर.

मोंबासात नारळ होते, फणस होते, ऊनही आपल्यासारखंच चावरं होतं. नव्हता तो फक्त गावचा देव. वर्गात तीस मुलं, गुजराती, पंजाबी, गोवेकर. पुस्तकातलं मांजर सगळ्यांना तोंडपाठ. पण तुझं मांजर कुठंय असं इंग्रजीत विचारलं की तीसही तोंडं बंद. असे दोन महिने गेले.

मग एका सोमवारी सगुणाने देवाला गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. गावी हा मान गुरवाचा. तो हातात नारळ धरून देवाकडे मागणं मागतो आणि मागे उभा गाव दर वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणतो. बाईमाणसाने, त्यातून विधवेने, त्या नारळाला हात लावला तर गाव वाळीत टाकील.

“सगुणे, गुरवाला कळलं तर गो?” सखाराम म्हणाला.

“मग येऊ दे त्याला बोटीने. तू मागे उभा राहून व्हय म्हण.”

सखाराम देवाला हात जोडून गोदीवर पळाला. आता मागून ‘व्हय’ म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, हे देवळातल्या उंदरालाही ठाऊक. सगुणाने नारळ पदराखाली घेतला आणि शाळेची वाट धरली.

वर्गात इंग्रजीशिवाय बोलायचं नाही असा नियम. त्यामुळे देवालाही त्या दिवशी इंग्रजी ऐकावं लागलं. सगुणाने नारळ हातात धरून ‘देवा, या पोरांची तोंडं उघड’ असं मागितलं आणि मागून काय म्हणायचं ते मुलांना शिकवलं. तीस मुलांनी ‘येस म्हाराजा’ अशी आरोळी ठोकली की छपराचे पत्रे थरथरले. लगेच जमना नावाची सात वर्षांची पोर पुढे आली. म्हणाली, आता नारळ मला द्या. तिने मोडक्यातोडक्या इंग्रजीत मावशीची बकरी सुखाने विऊ दे असं मागितलं. मग सगळ्यांनाच काही ना काही हवं होतं. पंधरा दिवसांत मुलं नारळासाठी भांडू लागली, तीही इंग्रजीत. व्याकरणाचा पत्ता नव्हता, पण देवाने कधी व्याकरण मागितलं होतं?

शाळेच्या तपासणीला सरकारी साहेब यायचा झाला, तेव्हा त्रिवेदींनी बजावलं, नारळाचं सोंग नको, पुस्तक वाचून घ्या.

साहेबाने मांजर ऐकलं, जांभई दिली आणि एकाला विचारलं, आज काय खाल्लंस? हातात नारळ नव्हता, मुलाची वाचा बसली. नारळ काढला तर त्रिवेदी ठेवणार नाहीत, न काढला तर साहेब. तिने मनात देवाचं नाव घेतलं आणि कपाटातला नारळ काढून जमनाच्या हातात दिला.

जमनाने डोळे मिटून इंग्रजीत सुरू केलं, “देवा, हेडमास्तरांना रात्री चांगली झोप लागू दे, म्हणजे ते तिसऱ्या तासाला घोरणार नाहीत.”

“येस म्हाराजा,” वर्ग मनापासून म्हणाला.

साहेबाने विचारलं, फार घोरतात का? जमनाने सांगितलं, करूनही दाखवलं. बाकीच्यांना ते पटलं नाही. कोण म्हणे याहून बारीक, कोण म्हणे शिट्टीसारखं. पुस्तकात नसलेलं इतकं इंग्रजी त्या शाळेत कोणी कधी ऐकलं नव्हतं.

साहेबाने शेरा लिहिला, ‘बोलणारी मुलं याच वर्गात आहेत. या बाईंना कायम करावं.’ त्रिवेदींनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला.

“बाई, मी तुम्हाला काढणार होतो. अजूनही काढावंसं वाटतंय.”

“वाटू दे. सही तेवढी करा.”

त्यांनी केली. संध्याकाळी सखाराम तिच्या सासरी पत्र लिहायला बसला. ‘सगुणा सध्या काही दिवस इथेच’ असं मवाळ काहीतरी त्याने सुरू केलं होतं. सगुणाने टाक काढून घेतला आणि खाली स्वतः लिहिलं, ‘माझ्या खोलीत खुशाल भाताची कणगी ठेवावी. मी येत नाही.’