घासून न जाणारे डाग

मी काम करते त्या दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाई कन्नड तालुक्यातल्या आहेत. आठवडी बाजारात ओरडावं तसे त्या नंबर पुकारतात. त्यांच्या पुढच्या दातांवर माझ्यासारखेच पिवळट डाग आहेत, तरी त्या खदखदून हसतात. मी हसताना तोंडावर हात धरते.

काल एक आई लेकीला दटावत आली. डाग जावेत म्हणून तिने मुलीचे नवे दात राखेने घासले होते. मुलगी तोंडच उघडेना.

"अवो, राखेनं घासाया तवा हाय का त्यो?" बाई म्हणाल्या. "दात हिरडीत बनतानाच डाग पडतेत. बघ गं, माझे!" त्यांनी स्वतःच आ केला.

मुलगी खुदकन हसली. मलाही हसू आलं.

"ताई, हात काढा की. तिला तुमचे बी बघू द्या."

मी हात खाली घेतला. मुलीने दोघींचे दात नीट पाहिले.

"आई, माझे तर लई बरे हायेत!"