तेरा जीबीची आवणी

घोडेगावात स्टँडच्या मागच्या गल्लीत ‘दादाभाऊ व्हिडिओ शूटिंग’ अशी पाटी होती. पाटीवर नाव नवऱ्याचं आणि आत काम बायकोचं. दादाभाऊ खांद्यावर कॅमेरा टाकून मांडवात मिरवायचा, आणि त्यानं आणलेलं निस्तरत वैजयंती घरात कॉम्प्युटरपुढे बसायची. बारावीनंतर मंचरला कॉम्प्युटरचा कोर्स केलेली ती बाई. दादाभाऊ माउस धरताना करंगळी वर करायचा, पाहुण्यांत बशीतला चहा प्यायल्यासारखी. एवढ्यावरून त्या दोघांत कोणाला काय येत होतं ते समजावं.

लग्नं बघून बघून वैजयंतीला माणसांचा वीट आला होता. मुहूर्त बारा पस्तीसचा आणि लग्न लागणार दोनला, कारण मधे पुढाऱ्यांचे सत्कार. शाल घाला, नारळ द्या, टॉवेल द्या, टोपी द्या. नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना घामानं भिजतायत आणि माइकवाला नावं पुकारतोय. ज्याचा सत्कार, तो देणाऱ्याकडे बघतच नाही. त्याचं तोंड कॅमेऱ्याकडे. एका पुढाऱ्यानं तर शाल काढून पुन्हा घालून घेतली, कारण पहिल्या वेळी दादाभाऊ टेप बदलत होता. असल्या थोबाडांपुढे वैजयंतीची वर्षं चालली होती. “एकबी सत्कार कापू नको,” दादाभाऊ बजावायचा. “सत्कार कापला का माणूस तुटला.” आणि तळेघर, आहुपे असल्या डोंगरातल्या गावांतलं लग्न असलं, की म्हणायचा, “ह्ये दाबून टाक. त्येंना काय कळतंय.”

दाबणं म्हणजे काय, तर कॉम्प्युटरची हार्डडिस्क चाळीस जीबीची. कॅमेऱ्यातली एक तासाची टेप आत घेतली, की तेरा जीबी खाऊन बसायची. तीन टेपांत डिस्क तुडुंब. मग ते चित्र बारीक करून सीडीत बसवायचं. त्याला पाच-सहा तास लागायचे, आणि पाचव्या तासाला लाइट गेली की पहिल्यापासून. तापू नये म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडा टाकून वैजयंती त्यावर टेबलफॅन सोडायची. डोंगरातल्या माणसांची तीन तासांची लग्नं एकाच सीडीत कोंबली, की त्यांच्या तोंडांचे चौकोन व्हायचे. नवरी कोण आणि करवली कोण ते साडीवरून ओळखायचं.

वैजयंतीनं नवऱ्याला कितीदा तरी सांगितलं होतं, “दाबताना मशीन बारीकसारीक फेकून देतं. ते परत येत नाही.”

“फेकतं कुठं?” म्हणून दादाभाऊनं एकदा खरोखरच डब्यात डोकं घातलं. आत धूळ होती आणि एक वाळकी पाल. “हे बघ, कायबी सांडल्यालं न्हाई. अगं, गोधड्या पेटीत दाबून भरतो का न्हाई आपण? काढल्या की फुगत्यात.” गावात हे तो चारचौघांत सांगायचा, आणि चारचौघं मान डोलवायचे. त्या दिवसापासून वैजयंतीनं त्याला समजावणं सोडलं. दगडाला पान्हा फुटेल तेव्हा फुटेल.

दोन हजार चार सालच्या आषाढात लग्नं बंद होती आणि कॅमेरा खुंटीला होता. वैजयंती तो घेऊन तळेघरला आपल्या मावशीकडे, लंकाबाईकडे गेली. भाताची आवणी चालू होती. तिनं दिवसभर खाचराच्या बांधावर उभं राहून एक टेप भरली. वाकलेल्या पाठी, चिखलात रोपं खोचणारे हात, बैलाला शिव्या घालणारी लंकाबाई. कॅमेऱ्याकडे कोणी बघत नव्हतं. तेवढ्यासाठीच वैजयंतीला ती माणसं आवडली. दिवाळीपर्यंत सवड मिळेल तशी ती त्या तासाभराच्या चित्रावर बसली, कापत, जोडत. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःच्या मनासारखं काही केलं होतं.

नारायणगावात सावळेराम नावाच्या माणसाचा मोठा स्टुडिओ होता. त्यानं एका लग्नाची सीडी बघून विचारलं होतं, “ह्याचं कटिंग कुणी केलं?” आणि वैजयंतीला निरोप धाडला होता. तुमचं स्वतःचं काहीतरी दाखवा. सीडी नको, मूळ चित्र पाहिजे, लागलं तर हार्डडिस्क काढून आणा. जमलं तर तुम्हाला आमच्या मशीनवर कामाला बसवतो. तुळशीची लग्नं झाली की जायचं, असं तिनं ठरवलं. पाटीमागचं ते पाली-धुळीचं जिणं सुटायची ती एक वाट होती.

तुळशीची लग्नं लागली, पण ती निघायच्या आत रखमाजीशेठच्या पोराचं लग्न आलं. शेठ म्हणजे तालुक्यातलं बडं प्रस्थ. पोटानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. त्यांनी दादाभाऊला बोलावून सांगितलं, की पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस आहे, दारापुढे मोठ्या पडद्यावर हे लग्न दाखवायचं. दादाभाऊ दोन दिवस जमिनीवर नव्हता.

लग्नाच्या दोन टेपा झाल्या. वैजयंती बाजाराला गेली होती, ती परत येईपर्यंत नवऱ्यानं त्या स्वतःच डिस्कवर उतरवायला लावल्या होत्या.

“जागा कुठनं आणली?” तिनं विचारलं.

“तुझं ते चिखलाचं दाबलं काल रात्री, दोन बटणांचं तर काम. पुसलं न्हाई हां, दाबलंय. सव्वीस नि तेरा एकोणचाळीस, मग विंडोज काय अंगणात ठेवायचं?”

तिनं लावून बघितलं. लंकाबाईचं तोंड म्हणजे सहा तपकिरी चौकोन. हात आणि चिखल एकच झालं होतं. बैल तर सापडेना.

“आणि टेप?”

“तिच्यावरच तर शेठचे सत्कार घेतलेत. नवी कशाला फोडायची?”

वैजयंतीचं अंग पेटलं. समोरच्या त्या हसऱ्या तोंडाची तिला मनापासून किळस आली. भांडण मात्र तिनं केलं नाही. भांडायलाही समोर माणूस लागतो. तिनं खुर्ची ओढली आणि शेठच्या पोराचं लग्न कापायला घेतलं.

त्रेसष्ट सत्कार होते. एकेक दोन सेकंदांचा ठेवून तिनं ते सलग लावले. शाल, नारळ, टोपी, तोंड कॅमेऱ्याकडे. शाल, नारळ, टोपी, तोंड कॅमेऱ्याकडे. मधूनमधून नवरीचा घामेजलेला चेहरा. दोन मिनिटांत अख्खा तालुका नागडा झाला. मग दादाभाऊची लाडकी दोन बटणं दाबून तिनं सबंध लग्न सगळ्यात बारीक करून एका सीडीत भरलं आणि सीडी देव्हाऱ्यापुढे ठेवली. शेठच्या दोन्ही टेपा घेऊन दादाभाऊ सकाळीच घोडेगावातल्या दुसऱ्या लग्नाला गेला होता. नेहमीसारखं त्यांच्यावरच तो नवं लग्न घेणार होता. वैजयंतीनं डब्याचे स्क्रू काढले, हार्डडिस्क सत्कारात आलेल्या टॉवेलात गुंडाळली आणि मंचरला गाडी बदलून नारायणगाव गाठलं.

सावळेरामनं ती दोन मिनिटं तीनदा बघितली. दुसऱ्यांदा त्याला हसताना ठसका लागला. “उद्यापासून या,” म्हणाला.

तिचं येणं-जाणं सुरू झालं. सकाळच्या गाडीनं जायचं, संध्याकाळच्या गाडीनं यायचं. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं, की डिस्क स्टुडिओत आहे आणि शेठचं लग्न सीडीत आहे. त्यानं खुशाल मान डोलवली आणि सीडीला रोज उदबत्ती ओवाळली.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी त्यानं शेठच्या दारापुढे पडदा बांधून सीडी लावून बघितली. मग स्टुडिओतला फोन वाजला.

“अगं, शेठच्या तोंडाच्या जागी नुसत्या इटा दिसत्यात,” दादाभाऊचा आवाज चिरकत होता. “माणसं यायला लागलीत. शेठ इथंच बसलेत. मूळ कुठंय?”

“डिस्कवर होतं. परवा तिच्यावर इथलं काम घेतलं, जागा नव्हती.”

“मग आता?”

“काही पुसलं नाही हो,” वैजयंती म्हणाली. “दाबलंय. थोडा वेळ तसंच ठेवा, फुगेल.”

तिनं रिसीव्हर ठेवला आणि सावळेरामकडे पुढची टेप मागितली.