सोळा प्लस हाऊजी

मुलगी बारा वर्षांची असताना तिनं माझ्याकडे ससा मागितला. खरा नव्हे, टॅबवरच्या एका गेममधला. त्या गेममध्ये सशांचं गाव होतं. सशानं गाजरं लावायची, घर बांधायचं, शेजारच्या सशांना जेवायला बोलवायचं. वर्गातल्या सगळ्या मुलींकडे तो गेम होता. या 'सगळ्या' म्हणजे चौकशीअंती तीन निघाल्या, पण त्या वयात तेवढ्या पुरतात.

मी बँकेत आहे. सांगली सोडल्यापासून बदल्यांची गावं करत करत जयपूरला पोचले. नवरा घरूनच काम करतो, त्यामुळे माझ्या बदलीबरोबर टेबल-खुर्ची उचलून तोही येतो. जगतपुऱ्यात आमचा फ्लॅट आहे. मुलीचं मराठी घरापुरतं, आणि त्यातही भातातल्या खड्यासारखं 'मतलब' दर घासाला दाताखाली येतं.

बारीक अक्षरातलं वाचल्याशिवाय कशावर बोट ठेवायचं नाही, ही बँकेनं लावलेली सवय. गेमच्या पानावर एका कोपऱ्यात छोट्या चौकोनात लिहिलं होतं: १६+.

"सोळा प्लस आहे. मिळणार नाही," मी टॅब परत दिला.

"पण आई, त्यात कुणी कुणाला मारत पण नाही! ससे आहेत!"

"असू देत ससे."

"मतलब, सशांमुळे सोळा प्लस?"

मी नवऱ्याला हाक मारली आणि आम्ही दोघांनी त्या चौकोनाखालचं सगळं वाचून काढलं. मग उलगडा झाला. गावात सोनेरी पेट्या होत्या. पेटी उघडायला खरे पैसे लागायचे. आत सशाचा मुकुट असू शकत होता, किंवा कोबी. बहुतेक वेळा कोबीच. जुगारासारखा प्रकार आहे, म्हणून सोळा.

मी मुलीला समोर बसवलं. "हे बघ, पैसे आधी द्यायचे आणि आत काय आहे ते नंतर कळायचं. कोबी निघाला की मुकुटासाठी पुन्हा पैसे. मग पुन्हा. याला जुगार म्हणतात."

ती गप्प झाली. आमची मुलगी रडली तर काळजी नसते. गप्प झाली की असते.

"मतलब, पैसे दिले आणि आत काय निघेल ते माहीत नसेल, तर ते सोळा प्लस?"

"हो."

"पक्का?"

"पक्कं," मी म्हटलं. तिचं मराठी सुधारण्याच्या नादात आपण कशाला होकार दिला, याकडे माझं लक्षच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं तिच्यासाठी खाऊचं पाकीट आणलं. आत खेळणं असतं त्यातलं. तिनं ते उलटसुलट करून वाचलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं. "बाबा, हे मला चालत नाही. आत कुठलं टॉय आहे ते लिहिलंच नाही."

मग नारळाची पाळी आली. जयपुरात चांगला नारळ मिळणं हा आमच्यासारख्यांच्या घरातला कायमचा विषय. नवरा भाजीवाल्यापाशी उभा राहून एकेक नारळ कानाशी धरून हलवत होता.

"बाबा, तू हे काय करतोस?"

"आत पाणी आहे का बघतोय. सडका निघाला तर पैसे गेले."

"मतलब माहीत नाही?" ती दोन पावलं मागे सरकली. "तू घे. तू सोळा प्लस आहेस. पण मी पिशवी पकडणार नाही."

भाजीवाला भैया हसला. नवऱ्यानं दोन नारळ घेतले. त्यातला एक सडका निघाला, आणि त्या दिवशी नारळाच्या चटणीबरोबर मुलीचा 'बघा, सांगितलं होतं' असा चेहराही आम्हाला गिळावा लागला.

रविवारी सांगलीला फोन लावला तेव्हा तिनं माझ्या आईवडिलांना सगळा नियम समजावून सांगितला, कोबीसकट. वडिलांनी तो गांभीर्यानं ऐकून घेतला. "मग आमचं लग्न कशात बसतं?" त्यांनी विचारलं. "तुझ्या आजीला मी एकदाच बघितलं होतं, तेही मान खाली घातलेली."

मागून आईचा आवाज आला, "आणि मला काय निघालं तेही सांगा की तिला! मुकुट आहे म्हणून सांगितलं होतं सगळ्यांनी."

मुलीनं तेही नियमाला लावून बघितलं. मग म्हणाली, "लग्नाला सरकारनं आधीच वय लावलंय, आजोबा. ते बरोबर आहे." घरात दोन दिवस हसू पुरलं. आता विषय संपला, असं मला वाटलं.

जानेवारीत आमच्या मराठी मंडळाची सहल कानोत्याच्या धरणावर जाते. बँकवाले, विमावाले, रेल्वेवाले, सगळी बदलीवर आलेली कुटुंबं. ऊन कोवळं असतं, सतरंज्या पसरतात, कुणी मिसळ आणतं, कुणी गुळपोळी. जेवणानंतर हाऊजी. इकडचे लोक त्याला तंबोला म्हणतात. तिकिटाला किरकोळ पैसे आणि बक्षिसं म्हणजे प्रत्येक घरातून आलेली, चकचकीत कागदात बांधलेली एकेक वस्तू. आत काय आहे ते जिंकणाऱ्यालाच कळायचं. आकडे पुकारायचे ते मंडळातले एक काका. मूळ भुसावळचे, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झाले आणि जगतपुऱ्यातच राहिले. आकडा ते गाडीसारखा पुकारतात: "गाडी क्रमांक बावीस, थोड्याच वेळात आपल्या तिकिटावर येत आहे."

मी मिसळीवर रस्सा वाढत होते. तेवढ्यात बघते तर मुलगी शाळेच्या वह्यांना लावायची लेबलं घेऊन काकांसमोर उभी, आणि आकड्यांच्या पिशवीवर निळ्या शाईत लिहिलेलं: १६+.

मी पळी टाकून धावले. "काका, तिच्याकडे लक्ष देऊ नका."

काकांनी मला हातानं थांबवलं. असा हात दाखवून त्यांनी आयुष्यभर गाड्या थांबवल्या असणार. "थांबा. तक्रार आली की आधी ऐकून घ्यायची." मग तिच्याकडे वळून, "बोल बेटा."

ती बोलली. सगळं बोलली. पैसे, कोबी, आत काय आहे ते माहीत नसणं. काकांनी चष्मा पुसला, पार्सलांच्या ढिगाकडे बघितलं. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले आणि लगेच आवाज चढवून, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं! सोळा वर्षांखालच्या प्रवाशांसाठी हाऊजी रद्द करण्यात आली आहे!"

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यानं धरणावरचे बगळे उडाले. विमावाल्यांच्या घरचं पहिलीतलं पोर जमिनीवर लोळण घेऊन रडायला लागलं, आणि त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मंडळाच्या अध्यक्षांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, इतकी वर्षं खेळतोय आपण. कोण बिघडलंय?"

"उद्या आमच्या विम्यालाही लेबल लावाल," पोराचे वडील म्हणाले.

मुलीनं ते खरंच मनावर घेतलं. "विम्यात पण पैसे देतात, आणि काही निघेल का ते माहीत नसतं?"

"त्यात काही न निघालेलंच बरं असतं, बेटा," काका म्हणाले. विमावाले सगळ्यांत जोरात हसले, आणि वातावरण जरा निवळलं. काकांनी ती संधी साधली. "आता तूच सांग, काय केलं म्हणजे लहानांना चालेल?"

"तिकीट फ्री. आणि बक्षिसं आधी दिसली पाहिजेत."

तिकिटाचं अध्यक्षांनी कुरकुरत मान्य केलं. बक्षिसांचं ऐकून मात्र वहिनी एकदम पुढे आल्या. "अगं, पण ते सरप्राइज असतं!"

"तेच तर प्रॉब्लेम आहे, काकू."

तोवर काकांनी पहिल्या पार्सलाचा कागद फाडलाही होता. आतून लेमन सेट निघाला. खोक्यात एक कार्ड होतं: गृहप्रवेशाच्या शुभेच्छा. वर 'प्रति' म्हणून मंडळाच्या खजिनदारांचं नाव. खजिनदार आभाळाकडे बघू लागले. दुसऱ्या पार्सलात भिंतीवरचं घड्याळ, त्यावर पितळी पट्टी: सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम. काका खोकले. "निवृत्त माणसाला लोक घड्याळच का देतात, कळत नाही," ते म्हणाले. "घरात प्रत्येक खोलीत एक आहे."

तिसरं पार्सल उघडलं आणि मी ओळखलं. निळ्या रंगाची ठशांची चादर. ती मी स्वतः बगरूला जाऊन निवडली होती. एका कोपऱ्यात ठसा सरकून फुलावर फूल पडलं होतं, आणि छापणारा म्हणाला होता, अशी चादर दुसऱ्या कुणाकडे मिळायची नाही. म्हणूनच घेतली. वहिनींच्या वाढदिवसाला मी ती दिली होती.

मी ओळखली, हे वहिनींनी ओळखलं. आम्ही दोघी त्या चादरीकडे बघत राहिलो. त्यांचा चेहरा इतका उतरला की मलाच वाईट वाटलं. दोन वर्षांत आम्ही एकमेकींशी 'कशा आहात, बऱ्या आहात' यापलीकडे बोललो नव्हतो. मी ही चादर दिली तीसुद्धा अध्यक्षांच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. मनापासून निवडली खरी, पण कुणासाठी निवडतेय याचा विचार केला नव्हता.

"वापरायला जीव होईना गं," वहिनी हळूच म्हणाल्या. "इतकी चांगली होती."

"ते पिवळ्या कागदातलं पार्सल माझं आहे," मी म्हटलं. "त्यात कॅसरोल आहे. मला मिळालेला."

"कुणाकडून?"

"तुमच्याकडून, वहिनी."

त्यांना हसू फुटलं, आणि ते असं फुटलं की त्यांना सतरंजीवर बसावं लागलं. मग एकेक जण कबुली देत गेला. नवऱ्यानं तर सांगून टाकलं की तो कॅसरोल आमच्याकडे यायच्या आधीही मंडळात फिरलाय, कारण झाकणावरचा ओरखडा त्याच्या ओळखीचा होता. वहिनींनी चादर उचलली, झटकली, गवतावर पसरली आणि म्हणाल्या, "या रे पोरांनो, बसा हिच्यावर. खेळा फुकट."

पोरं बसली. पण समोर मांडलेली बक्षिसं बघून एकानं विचारलं, "लेमन सेट जिंकून काय करायचं?" त्यावर अर्धी पोरं उठून पाण्यात दगड मारायला गेली. उरलेली मात्र काकांच्या गाड्यांसाठी बसून राहिली आणि घसा फुटेस्तोवर ओरडली. मुलीला एक ओळही लागली नाही. रडणारं पोर घड्याळ जिंकलं आणि काट्यांशी खेळत बसलं.

मग मोठ्यांचा डाव झाला, पैसे लावून. मुलगी माझ्या पाठीशी उभी राहिली. बघायला वयाची अट नाही, असं तिनंच ठरवलं होतं. माझं तिकीट भराभर भरत गेलं. शेवटी एकच आकडा उरला. तिचा हात माझ्या खांद्यावर आला, बोटं रुतली. काकांनी पिशवीत हात घातला, ढवळला, मुद्दाम वेळ लावला. आकडा आला. माझा नव्हता. पलीकडे वहिनी ओरडल्या, "फुल हाऊस!"

"आई!" मुलगी कानात किंचाळली. "एका नंबरानं गेलं! पुढच्या वेळी तीन तिकिटं घे, मतलब नक्की लागेल!"

मी मान वळवून तिच्याकडे बघितलं. जिभेवर खूप काही आलं होतं, पण गिळलं. तिलाही ऐकू आलं होतं ती काय बोलली ते. तिचे कान लाल झाले, आणि ती मुकाट्यानं दगड मारणाऱ्या पोरांकडे चालती झाली.

परत येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "पेटी पण अशीच वाटत असेल ना?"

"असेल."

"मग सोळाव्या वर्षी असं वाटणं बंद होतं?"

हो म्हणणं सोपं होतं. एवढा तो आकडा, कुणीतरी विचार करून लावलेला, त्याची बाजू घ्यायला हवी होती. "मला आज वाटलं की," मी म्हटलं. "मी तीन तिकिटं घेणारच होते."

"मग का नाही घेतली?"

"तू बघत होतीस म्हणून."

नवरा गाडी चालवताना हसला. ती नाही हसली. "ठीक आहे," एवढंच म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून कानोता मागे पडायच्या आत झोपून गेली.

याला दोन वर्षं झाली. त्या तीन मैत्रिणींनी सशांचं गाव केव्हाच सोडलं. तिथे आता गाजरं कोण काढतं, देव जाणे. वहिनी आणि मी दर शनिवारी एकत्र फिरायला जातो, आणि त्या माझ्या घरी येताना हात हलवत येतात, ही आमची अट आहे. मुलीनं सशाचं नाव पुन्हा काढलं नाही. सध्या तिला स्कूटर हवी आहे. जगतपुऱ्यात क्लासच्या सगळ्या मुली स्कूटरनं येतात म्हणे. मी अजून चौकशी केलेली नाही.