देव नसलेली जागा

“तुमच्यात देव मानतच नाहीत ना? मग प्रार्थनास्थळ कसलं? टाक ‘इतर’मध्ये.”

सगळ्यांसमोर म्हणाला. हातात चहाचा कप, तोंडात बिस्किट. पुढ्यात कॉम्प्युटरवर जयपूरचा नकाशा. इंटरनेटवरचा, कुणीही ठिकाण भरावं, कुणीही बदलावं असा. आम्ही चारपाच जण रविवारी त्याच्या दुर्गापुऱ्याच्या बंगल्यावर जमून तो भरायचो. तो बँकेतल्या मोठ्या साहेबाचा मुलगा. आमच्यासारखाच मराठी. म्हणून तर जास्त झोंबलं.

मी खातीपुऱ्यातला आमचा विहार भरला होता. रेल्वे क्वार्टरांच्या मागची पत्र्याच्या छपराची खोली. माझ्या बाबांनी आणि त्यांच्या रुळांच्या गँगमधल्या माणसांनी ड्यूटी संपवून विटा वाहिल्या, भिंती उभ्या केल्या. बुद्धवंदना मी तिथंच शिकले. आणि हा एका क्लिकमध्ये तिला ‘इतर’ करतो! ‘इतर’मध्ये तेव्हा काय होतं? शौचालयं. भंगारची दुकानं. कचराकुंड्या.

“बुरा मत मान, नियम आहे,” तो म्हणाला. बाकीचे हसले. मी चहा तसाच ठेवून उठले.

सिटी बसमध्ये रडले. मग रडू आटलं आणि डोकं तापलं. नियम ना? ठीक आहे.

शास्त्री नगरात त्याच्या पप्पांच्या मराठी मंडळाचा हॉल. त्यानं स्वतः ‘मंदिर’ म्हणून भरलेला. तिथं भाद्रपदात गणपती बसतो. विसर्जन झालं की वर्षभर सतरंज्या, पातेली आणि दाराला कुलूप. मी सायबर कॅफेत गेले. विहार परत जागेवर आणला. हॉल ‘इतर’मध्ये ढकलला. खाली कारण लिहिलं, त्याच्याच शब्दांत: ‘देव नाही, मग प्रार्थनास्थळ कसलं?’

त्यानं दोन्ही बदललं. मी परत बदललं. असं आठवडाभर चाललं. मग त्याचा फोन आला.

“तू आमचा गणपती कचऱ्यात टाकलास?”

“मी नाही. तुझ्या नियमानं टाकला.”

“मंडळाचे लोक पप्पांना विचारताहेत. काढ ना, प्लीज.”

प्लीज! खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं.

“विहाराला पुन्हा हात लावशील?”

“मतलब... ग्रुपला विचारावं लागेल.”

“विचार. तोवर हॉल कचराकुंडीशेजारीच राहील.”

फोन आपटला. सरळ कॅफेत गेले. त्यानं विहार पुन्हा ‘इतर’ केला होता. मी लिहिलं: प्रार्थनास्थळ. तो जितक्यांदा खोडेल, तितक्यांदा लिहीन. आणि दर वेळी त्याचा हॉल हलवीन. मी सोडणार नाही.