बिबडे घेऊन पळालेली गाडी

लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावात आमच्या ह्यांनी जखमी शिपाई न्यायची एक जुनी गाडी घेतली. धंदा घड्याळदुरुस्तीचा, पण हौस दांडगी. आत दोन बिछाने, स्टोव्हची जागा, पाण्याचा पिंप, असं चाकांवरचं घर तयार झालं आणि मग कळलं, की इंजिनच गेलंय. दोन वर्षं ती जळगावात आमच्या अंगणात उभी होती. इंजिन खोलून स्वयंपाकघरात आलं. पोळपाटावर पिस्टन ठेवणारा नवरा माझ्याच नशिबी असेल.

सोसलं ते धुळ्यासाठी. तिथे माझं माहेर. दिवाळीत वडिलांनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, "जावईबापू, गाडी निघत नसेल तर बसचं तिकीट धाडू का?" ह्यांनी तिथेच शपथ घेतली, आता येईन तर स्वतःच्या गाडीतूनच. मीही तशीच हट्टी. एकटी बसने जाऊन वडिलांचं म्हणणं खरं कशाला करू? पण आईला मोतीबिंदू झाला होता आणि ती डोळ्याला कुणाला हात लावू देत नव्हती. तिला मी दिसेन तोवर मला पोचायचं होतं. शेवटी ह्यांना बजावलं, "ह्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या पिंप्राळ्याला जाऊन परत आली तर ठीक, नाहीतर भंगारात!"

चैत्रात एका सकाळी इंजिन जुळलं. चार नट उरले. "लष्करात सगळं जास्तीचंच लावतात," म्हणत ह्यांनी ते खिशात टाकले. हँडल मारलं, तशी गाडी चक्क धडधडली. मी पदर खोचून शेजारी बसले.

"आता थांबायचं नाही," हे म्हणाले. "बंद पडली तर पुन्हा चालू होईलसं वाटत नाही."

गल्लीतून निघालो तशा बायका मागे धावल्या. सगळ्यांत पुढे शेजारची अक्का, दोन्ही हात वर करून. इंजिनापुढे काही ऐकू येत नव्हतं. "बघ, लोकांना किती आनंद झालाय!" म्हणून ह्यांनी भोंगा वाजवला आणि वेग वाढवला.

गावाबाहेर काचेवर काहीतरी ओलं आपटलं. ज्वारीचा बिबडा! पापडाचा हा जाडजूड भाऊ आमच्याकडे उन्हाळाभर वाळत पडलेला असतो, आणि आमच्या गाडीच्या टपाइतकी तापणारी जागा गल्लीत दुसरी नव्हती. दोन वर्षं अक्का कुंपणाच्या भिंतीवर चढून तिथे धोतर पसरून बिबडे वाळत घालायची. गाडी हलू शकते, हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. थांबलो तर धुळं गेलं. पिंप्राळ्याला हे गाडी वळवायला लागले, तसा मी त्यांचा हात धरला.

"वळवू नका. सरळ धुळं."

"आत्ता? अशीच?"

"बिछाने आहेत, स्टोव्ह आहे, पेट्रोलचा डबा भरलेला आहे. आणि मागे अक्का आहे."

पारोळ्यापर्यंत कावळ्यांची वरात आमच्या मागे होती. धुळ्याला वडील ओट्यावरच बसले होते. त्यांनी गाडीला तीन प्रदक्षिणा घातल्या. खोट सापडेना. मग टपाला चिकटलेला एक बिबडा उचकटला, चावला आणि म्हणाले, "मीठ कमी शे."

आवाज ऐकून आई बाहेर आली. मी पुढ्यात उभी असताना तिने गाडीकडे तोंड करून विचारलं, "उनी का माय?" "आले गं," म्हणत मी तिचे हात माझ्या तोंडावर ठेवले. तिने कपाळ, नाक, ओले गाल चाचपले. मला वडिलांचा नाही, ह्यांचाही नाही, माझ्याच हट्टाचा भयंकर राग आला.

तीन दिवस हँडल मारून गाडी पुन्हा धडधडली, तेव्हा चौथ्या दिवशी परतलो. अक्का कमरेवर हात ठेवून अंगणात उभी. मी वाटेत तीन थापा जुळवून ठेवल्या होत्या.

"आई कशी शे?" तिने विचारलं.

मी खरं ते सांगितलं. अक्काने कमरेवरचे हात काढले. मग "बिबडे गयात ते गयात," म्हणाली, घरात गेली आणि फडक्यात बांधलेले दहा-बारा बिबडे माझ्या हातात ठेवून म्हणाली, "आईले दे." जाताना गाडीचं हँडल मात्र उन्हाळा सरेपर्यंत आपल्या घरी घेऊन गेली.

ते बिबडे द्यायला मी त्याच आठवड्यात धुळ्याला गेले. बसने, एकटी.