पिंपांवरचा देव

ते प्रकरण आठवलं की आजही आधी हसू येतं, कारण त्यातल्या खोट्या देवाला मीही बूट काढून हात जोडले होते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी मुलुंडला उपनिरीक्षक होतो. नाहूरकडच्या रस्त्याच्या रुंदीकरणासाठी सरकार एका बंद प्लेटिंग कारखान्याची जागा घेणार होतं. ताबा घेण्याआधी जमीन तपासायला जागोजागी खड्डे खणत होते. एका कोपऱ्यात मात्र शेंदूर फासलेला दगड होता आणि तिथे पहार लावायला मजूर तयार होईनात. दंगा नको म्हणून आमचा बंदोबस्त लागला आणि तो कोपरा तसाच सोडायचं ठरलं.

त्याच दुपारी शेजारच्या चाळीतले एक आजोबा ठाण्यात आले. मालवणकडचे, गिरणीतून निवृत्त झालेले. त्यांनी टेबलावर बाटली ठेवली. आत चाळीच्या विहिरीचं पाणी होतं, पिवळं.

"सायबानू, पोरांच्या अंगार फोड इले. बाव नासली तर आमी जावचा खंय? आनि तो देव खोटो आसा."

"कशावरून?"

"दिव्याची काजळी नाय, नारळाची करवंटी नाय. असो देव आसता खंय?"

मी वरमलो. हात जोडताना यातलं काहीच माझ्या नजरेत आलं नव्हतं.

कारखान्याचा मॅनेजर आणि रखवालदार यांना बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. आवाज चढवला नाही, चहा पाजला आणि दोघांना एकच प्रश्न विचारला, "देवाला नैवेद्य काय लागतो?"

मॅनेजर म्हणाला, "गोड शिरा. पूर्वापार."

रखवालदार म्हणाला, "कोंबडा, साहेब. दर अमावास्येला."

मी त्याला शिऱ्याचं सांगितलं. त्याने कपाळावर हात मारला. "वाट लागली! साहेब, दगड मीच आणला. खाली ॲसिडच्या गाळाची पिंपं पुरलीत. मालक बोलला, वर देव बसव, रस्त्याचा भराव पडला की मिटलं."

दुसऱ्या दिवशी पंच घेऊन गेलो, तरी मजूर बिचकतच होते. शेवटी आजोबा पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा, तू खरो आसशीत तर आमची बाव राख!" मग दगड स्वतः उचलून बाजूला ठेवला. कमरेइतकं खणल्यावर पहिलं गंजलेलं पिंप लागलं. मालकावर पाणी दूषित केल्याचा गुन्हा दाखल झाला. पिंपं आणि खालची पिवळी माती त्यालाच उचलावी लागली, मगच रस्ता पुढे सरकला.

त्यानंतर कुठेही पंचनाम्याला गेलो की कागद उघडण्याआधी मी शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलू लागलो. जमिनीला काय झालंय ते तिच्या पाण्यावर जगणाऱ्याला आधी कळतं.

बऱ्याच वर्षांनी त्या चाळीत गेलो. विहिरीचं पाणी तपासून चांगलं ठरलं होतं. आजोबांनी मोठ्या अभिमानाने तांब्या भरून दिला. कठड्याजवळ तोच दगड होता. समोर करवंट्या, भोवती काजळी.

"आजोबा, हा तर खोटा देव ना?"

"तेवा होतो. माझा गाऱ्हाणा आयकल्यान मां?"

मी पुन्हा बूट काढले.